मशीनची उत्तरपूजा

डेन्मार्कच्या माणसाला प्राणप्रतिष्ठा म्हणजे काय, हे इंग्रजीतून समजावून सांगायची वेळ माझ्या वैऱ्यावरसुद्धा येऊ नये. माझ्यावर आली. तीही ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, पत्र्याच्या गाळ्यात, ऑक्टोबरच्या उकाड्यात, सकाळचा चहा धड पोटात गेला नव्हता तेव्हा.

आमचा कारखाना डीप फ्रीझरचा. कारखाना म्हणजे एक गाळा, त्यावर पोटमाळा आणि पोटमाळ्यावर माझं टेबल. बाबांनी, म्हणजे विश्राम कर्णिकांनी, चांगली नोकरी सोडून तो काढला. आइस्क्रीमवाले, दूधवाले, मासळीवाले, सगळ्यांकडे आमचे पांढरे पेटारे असायचे. बाबांचे गुडघे गेले आणि धंदा माझ्याकडे आला. तेव्हा नातेवाइकांत फार हळहळ झाली. चित्राला हे कशाला हवं, डोंबिवलीत नवरा बँकेत ऑफिसर आहे, घरी बसून लोणची घालावीत. मला लोणची येत नाहीत. आणि कोणी माझ्यासाठी हळहळलं की माझं डोकं फिरतं. म्हणून मी गाळा चालवायला घेतला, आणि चांगला चालवला.

मग आभाळाला भोक पडलं.

त्याचं असं आहे, फ्रीझरच्या नळ्यांतून एक गॅस फिरतो आणि त्याने आत गारवा येतो. आमचा जो जुना गॅस होता तो स्वभावाने अगदी गरीब. वास नाही, पेट घेत नाही, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण तो सुटून वर गेला की आभाळातला ओझोन खातो आणि मग नको ते ऊन खाली येतं. म्हणून जगातले देश एकत्र बसले आणि हा गॅस बंद करायचं ठरलं. श्रीमंतांनी आधी, आपण मागाहून, आणि आपल्यासारख्यांना नवी मशिनं घ्यायला त्यांनी मदत करायची.

हे मी दामाजीला सांगितलं. दामाजी चेंदणी कोळीवाड्यातला. गाळा उघडल्यापासून गॅस भरायच्या मशीनवर तोच. त्याने मला फ्रॉकमध्ये पाहिलंय, त्यामुळे तो मला ताई म्हणतो आणि माझं काहीएक ऐकत नाही.

"समदे देश?" त्याने विचारलं.

"जवळजवळ सगळे."

"अमेरिका नि रशिया पन?"

"ते पण."

"एका सतरंजीवर?"

"तसंच समजा."

दामाजीने हातातला पाना खाली ठेवला आणि विचार केला. "ताई, आपल्या लायनीत नळाच्या पान्याची पाळी ठरवायला पंधरा गाळेवाले कधी एकत्र बसले नाय. म्हंजे भोक मोठंच असनार."

मी पाना उचलून परत त्याच्या हातात दिला.

आता आमची अडचण सांगते. मोठ्या आइस्क्रीमवाल्यांनी कळवून टाकलं होतं की पुढल्या सीझनपासून जुन्या गॅसचे फ्रीझर घेणार नाही. नव्या गॅसला नवं मशीन लागतं, आणि ते परदेशातून मागवायची आमची ऐपत नव्हती. मदत मिळाली तर गाळा राहील, नाहीतर कुलूप. बाबांनी नौपाड्यातल्या घरी खुर्चीत बसून निकालही देऊन टाकला होता. "चित्रू, दिवाळीपर्यंत मशीनचं नक्की झालं नाही तर गाळा शेजारच्या पत्रेवाल्याला द्यायचा. तो विचारतोच आहे." हा पत्रेवाला आमच्याकडे चहाला आला की मधल्या भिंतीवर बोटं वाजवून बघायचा. त्याला चहा देताना मी साखर घालायचं मुद्दाम विसरायचे.

मदतीला अट एकच होती. जुनं मशीन साक्षीदारासमोर फोडायचं. विकायचं नाही, दान द्यायचं नाही, ताडपत्री टाकून कोपऱ्यात ठेवायचं नाही. कारण नवं मिळाल्यावर जुनं आपण भिवंडीला कोणालातरी विकलं तर आभाळाचं भोक आहे तसंच राहणार. अट अगदी बरोबर होती. जगाने आपल्याला नीट ओळखलं होतं.

साक्षीदार म्हणून डेन्मार्कचे नील्सनसाहेब येणार होते. त्यांनी फॅक्सवर दोन तारखा दिल्या. त्यातली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची मी उचलली. म्हटलं, दसऱ्याला मशिनांची पूजा असतेच, जुन्या मशीनलाही शेवटची पूजा मिळेल, माणसांना बरं वाटेल आणि दुसऱ्या दिवशी काम उरकेल. इतका गोड विचार मी सहसा करत नाही, आणि केला की हे असं होतं.

एरवी आमचा दसरा साधा असतो. मशिनं पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा, पेढे वाटायचे आणि घरी जायचं. भटजी कधीच नसतो. यंदा मी डोंबिवलीहून आमच्या गुरुदत्त भटजींना बोलावलं आणि म्हटलं, "गुरुजी, शेवटची पूजा आहे. काही कमी ठेवू नका." भटजींना हे वाक्य कोणी कधी बोलू नये.

त्यांनी काही कमी ठेवलं नाही. बाबांना गुडघ्यांमुळे पाटावर बसता येईना, म्हणून खुर्चीवर बसवून यजमान केलं. संकल्प झाला, कलश झाला, शंख झाला. दामाजी पंपाच्या बाजूला हात जोडून उभा होता, बाबांचे डोळे भरून आले होते. मी मधूनच पोटमाळ्यावर गेले, कारण नील्सनसाहेबांचा फॅक्स येत होता. मी वर असताना खाली गुरुजींनी दूर्वा घेऊन मशीनच्या प्रेशरच्या काट्याला लावली, नळ्यांना लावली, पंपाला लावली, आणि त्या मशीनची यथासांग प्राणप्रतिष्ठा करून टाकली. गणपतीच्या मूर्तीची करतात तशी. मला पत्ताच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नील्सनसाहेब आले. उंच, लाल मानेचा, भीती वाटावी इतका प्रामाणिक माणूस. टॅक्सीतून उतरतानाच डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि गळ्यात कॅमेरा. रात्रीचं त्यांचं विमान होतं आणि सही केलेला दाखला ते सोबत नेणार होते. तो दाखला पोचला की आमचं नवं मशीन मंजूर. आधीच्या आठवड्यात आम्ही मशीनमधला गॅस काढून सिलिंडरमध्ये बंद केला होता. खोपटच्या एका गॅरेजमधून मोठा घण मागून आणला होता. सगळं तयार होतं.

"चला दामाजी, उरका," मी म्हटलं.

दामाजी हलला नाही. बाकीचेही हलले नाहीत. मी बघते तर सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढलेल्या.

"काय झालं?"

"ताई, काल तुमीच जीव घातला," दामाजी म्हणाला. "आज सांगताव मोडा. असं कसं?"

"कोणी जीव घातला?"

"भटजीबुवांनी. तुमी आनलेल्या."

मग मला सगळा प्रकार कळला. माझा आवाज चढला. मी म्हटलं, लोखंड आहे ते, त्यात कसला जीव, तुम्ही इतकी वर्षं त्याला शिव्या घालत आलात, पावसाळ्यात बंद पडलं की लाथ मारता. दामाजी शांतपणे म्हणाला, "तवा जीव नव्हता."



मी घण स्वतः उचलला. मी देवाधर्माचं फारसं करत नाही, वटपौर्णिमेलासुद्धा गाळ्यावर असते. पण समोर माळ घातलेलं मशीन, काट्याच्या काचेवर कुंकवाचं बोट, आणि मागे सगळी माणसं अनवाणी उभी. घण वर गेला तो वरच राहिला. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. बाबा आठवले, खुर्चीत हात जोडून बसलेले. मी घण हळूच जमिनीला टेकवला आणि म्हटलं, "फार जड आहे." सगळ्यांनी समजुतीने मान डोलावली, त्याचा मला जास्त राग आला.

नील्सनसाहेब कॅमेरा डोळ्याला लावून थांबले होते. तो खाली घेऊन त्यांनी विचारलं, काही अडचण?

"काल आम्ही ह्या मशीनमध्ये जीव घातला," मी इंग्रजीत म्हटलं.

"म्हणजे दुरुस्त केलं?"

"नाही. मंत्र म्हणून. जीव."

"म्हणजे आता ते चालतं?" त्यांचा चेहरा गंभीर झाला. चालू केलेलं मशीन म्हणजे अटीचा भंग.

"चालत नाही. फक्त जिवंत आहे."

ते मशीनपाशी गेले, वाकले, काट्याकडे निरखून बघितलं. "शून्यावर आहे," त्यांनी मला दिलासा दिला. मग सरळ उभं राहून विचारलं, "ह्याला परवानगी कोणी दिली?"

"मी."

"आणि जीव काढायची परवानगी कोणाकडे आहे?"

प्रश्न चोख होता. मी दामाजीकडे बघितलं. "उत्तरपूजा," दामाजी म्हणाला. "गनपतीला करतंव तशी. मंग मूर्तीत देव नाय राहत. मंग मी सोता घन मारतो. पन ज्यांनी घातला त्यांनीच काढायला पायजे."

साहेबांनी स्वतःच घाव घालावा असं माझ्या मनात येऊन गेलं. मी विचारलंही. ते म्हणाले, साक्षीदाराने हात लावायचा नाही असा नियम आहे. त्यांच्याकडे सगळ्याला नियम होता.

मी गुरुजींच्या घरी फोन लावला. त्यांची बायको म्हणाली, ते कल्याणला सत्यनारायण सांगायला गेलेत, काळ्या तलावापाशी. मी नवऱ्याला बँकेत फोन लावला.

"सुधीर, कल्याणला जाऊन गुरुजींना उचलून इथे आण."

"चित्रा, मी बँकेत आहे."

"तू कुठे आहेस ते मला माहितीये. मीच फोन लावलाय."

"त्यांची पूजा चालू असेल ना गं."

"आपली काल झालीये आणि संपत नाहीये. तू निघ."

तो निघाला. सुधीर ह्या बाबतीत बरा आहे, कारण विचारायचं असलं तर घरी येऊन विचारतो.

आता वाट बघणं आलं, आणि त्यात दुसरंच एक संकट होतं. नवरात्रात आमच्या गाळ्यात कोणी मासळी आणत नाही आणि दसऱ्याला घरोघरी श्रीखंडपुरी. म्हणजे मासे खायचा तो इतक्या दिवसांनंतरचा पहिला दिवस. दामाजीची आई आवडाबाई मासळी विकते. तिने सगळ्यांना पुरेल एवढं कोलंबीचं कालवण आणि तळलेले बोंबील पहाटे करून पाठवले होते. डबा गाळ्याच्या कोपऱ्यात ठेवलेला. झाकण लावलेलं होतं तरी वास काही लपत नव्हता. आणि समोर मशीनमध्ये देव जागा.

"दामाजी, तुम्ही तरी जेवून घ्या," मी म्हटलं.

"ह्यांच्याम्होरं कालवन उघडू?" दामाजीने मशीनकडे बघितलं. "नको ताई. आधी ह्यांना जाव दे."

म्हणजे आता उत्तरपूजा व्हावी असं वाटणारी मी एकटी राहिले नव्हते. माणसं दारात जाऊन रस्त्याकडे बघून यायची. नील्सनसाहेबांनी मला विचारलं, हा वास कसला आहे, गॅसगळती तर नाही? मी म्हटलं, जेवण आहे. ते म्हणाले, छान आहे. त्यानंतर तेही दारात जाऊन रस्त्याकडे बघायला लागले.

मधेच बाबांचा फोन. "मोडलं का?"

"नाही अजून. गुरुजी येतायत."

"आज कशाला गुरुजी?"

"काल तुम्ही प्राणप्रतिष्ठा करून घेतलीत म्हणून." मी जरा तोडूनच बोलले.

बाबा म्हणाले, "मला वाटलं तूच सांगितलं असशील. छान झाली पण." आणि फोन ठेवला. माणसाचा गाळा हातचा चाललाय आणि पूजा छान झाली म्हणे. चिडावं की रडावं, मला कळेना.

शेवटी सुधीरची स्कूटर आली. मागे गुरुजी, अंगावर कद, खांद्यावर उपरणं आणि डोक्यावर सुधीरचं हेल्मेट. उतरल्या उतरल्या त्यांनी माझ्याकडे तक्रार केली, "चौथा अध्याय चालू होता. पाचवा यजमानाच्या मेव्हण्याला वाचायला देऊन आलो. काय झालं?"

मी सांगितलं. ते थक्क झाले. "फोडणार? मग प्राणप्रतिष्ठा कशाला करवलीत?"

"मी शेवटची पूजा एवढंच म्हटलं होतं."

"मला वाटलं गाळा विकताय. लोक शेवटची पूजा म्हणतात तेव्हा गाळाच विकत असतात."

"आता पटकन केलं नाही तर विकणारच आहे," मी म्हटलं.

गुरुजींनी हातपाय धुतले. विसर्जनाला दहीपोह्यांचा नैवेद्य लागतो. नाक्यावरच्या हॉटेलातून दही आलं, पोहे पत्रेवाल्याच्या कारकुनाच्या डब्यातून आले. पत्रेवाला स्वतःही बघायला आला आणि मधल्या भिंतीला टेकून उभा राहिला. पूजा सुरू झाली. गंध, फुलं, आरती. आरती म्हणताना माणसांचा आवाज पोटातून येत होता.

मग गुरुजी म्हणाले, "मूर्ती जागेवरून हलवा." उत्तरपूजेत मूर्ती जराशी सरकवतात, की झालं. आमची मूर्ती बोल्टांनी जमिनीत घट्ट बसवलेली, आणि बोल्ट गंजलेले. दामाजीने पाना लावला, रॉकेल ओतलं, दोघांनी पहार घातली. नील्सनसाहेबांना वाटलं फोडायला सुरुवात झाली, ते धावत जवळ आले आणि फटाफट फोटो काढायला लागले. एकदाचं मशीन बोटभर सरकलं. गुरुजींनी शेवटचा मंत्र म्हटला, सगळे एका सुरात "पुनरागमनाय च" म्हणाले, आणि अक्षता टाकल्या. साहेब कॅमेरा घेऊन मशीनला खेटूनच उभे होते. निम्म्या अक्षता मशीनवर पडल्या आणि निम्म्या त्यांच्या हेल्मेटवरून शर्टात गेल्या.

"झालं," गुरुजी म्हणाले. "आता लोखंड आहे."

दामाजीने घणाला हात घातला. तेवढ्यात नील्सनसाहेबांनी मानेवरचे तांदूळ झटकत मला विचारलं, "ते सगळे शेवटी एकदम काय म्हणाले?"

इथे मी काहीही सांगू शकले असते. पण चिडलेली असले की माझ्या तोंडून नेमकं खरं निघतं. मी म्हटलं, "पुन्हा ये, असं म्हणाले."

"कोणाला?"

"मशीनला."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. दाखल्यावरची ओळ त्यांनी मला बोट ठेवून दाखवली. हे यंत्र कोणत्याही स्वरूपात पुन्हा येणार नाही, अशी कारखानदार हमी देत आहे. खाली माझी सही. "तुमच्या सगळ्या माणसांनी माझ्यासमोर ह्याच्या उलट इच्छा व्यक्त केली," ते म्हणाले. राग नव्हता, कळवळाच होता. "मी साक्षीदार आहे. मी ऐकलं नाही असं कसं लिहू?"

मी गुरुजींना विचारलं, तेवढे शब्द मागे घेता येतात का. गुरुजी म्हणाले, "मंत्र अर्धा केला तर जीव अर्धाच जाईल. मग अर्धं मशीन फोडा."

दामाजीला कुणी विचारलं नव्हतं, तरी तो बोलला. "आन् पावन्याला ये नाय म्हनायचं तर काय म्हनायचं? जा? इतकी वरसं आपलं पोट भरलंय ह्यानं. मी नाय बोलनार जा." मी आजवर त्याला मशीनबद्दल असं बोलताना ऐकलं नव्हतं.

भिंतीपाशी पत्रेवाला बोटं वाजवत होता. मी तो आवाज ऐकला आणि माझा संयम संपला.

मी नील्सनसाहेबांसमोर जाऊन उभी राहिले. "साहेब, सकाळी घरातून निघताना तुम्ही बायकोला काय सांगता?"

"मी जातो, असं सांगतो."

"आमच्यात असं म्हटलं तर आई मागे हाक मारून दारात उभं करते आणि नीट बोलायला लावते. आम्ही येतो म्हणतो. घरातून निघताना येतो. पाहुणा निघाला की आम्ही त्याला या म्हणतो. आवडता असो, नावडता असो. तो परत आला नाही तर बरं, असं मनात असलं तरी या म्हणतो. हा जो इसम भिंतीला टेकलाय, त्यालासुद्धा मी रोज या म्हणते. आमच्या घरातून कधी कोणी जात नाही, सगळे येतच असतात. आता तुम्ही मला सांगा, माणसाला जे म्हणत नाही ते मशीनला कसं म्हणू?"

नील्सनसाहेबांनी टोपण काढलं, पुन्हा लावलं. "म्हणजे हा शिष्टाचार आहे?"

"शिष्टाचार."

"बांधिलकी नाही?"

"अजिबात नाही."

ते बराच वेळ दामाजीकडे बघत राहिले. मग दाखल्याच्या शेऱ्यात त्यांनी बारीक अक्षरात एक ओळ लिहिली आणि मला वाचून दाखवली. निरोपाच्या वेळी स्थानिक पद्धतीनुसार सौजन्याचे शब्द उच्चारण्यात आले, त्यांचा यंत्राच्या पुनर्वापराशी संबंध नाही. मी तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते.

इतक्यात फोन. बाबाच. "आता?"

"आता फोडतोय."

"थांब," बाबा म्हणाले. "फोन तिकडे धर."

पोटमाळ्यावरून फोनची वायर पुरेना. मी कठड्याशी वाकून रिसीव्हर जेवढा खाली जाईल तेवढा सोडला. दामाजीने वर बघितलं. त्याला कळलं पलीकडे कोण आहे. त्याने माळ काढून बाजूला ठेवली, काट्याच्या काचेवरचं कुंकू आपल्या कपाळाला लावलं, आणि घण उचलून पहिला घाव घातला.

आवाज गाळ्यांच्या सगळ्या लाइनीत गेला असेल. मग दुसरा, तिसरा. पंप फुटला, काटा निखळला, नळ्या वाकल्या. दामाजी रडत होता आणि मारत होता. मीही रडत होते. नील्सनसाहेब फोटो काढत होते, पण चौथ्या-पाचव्या घावानंतर त्यांनीही हेल्मेट काढून हातात घेतलं.

मी रिसीव्हर कानाला लावला. बाबा म्हणाले, "चांगलं ओतीव होतं गं. आवाज ऐकलास?" नाक ओढल्याचा आवाज आला. "साहेबाने सही केली?"

"करतायत."

"मग पत्रेवाल्याला सांग, भिंत आमचीच आहे."

तेवढं मी खाली येऊन सांगितलं. फार गोड आवाजात सांगितलं. तो निघाला तेव्हा मी त्याला "या" म्हटलं आणि नील्सनसाहेबांनी माझ्याकडे अर्थपूर्ण नजरेने बघितलं.

मग डबा उघडला. साहेबांनी कोलंबीचं कालवण दोनदा मागून घेतलं. गुरुजींनी दहीपोह्यांचा प्रसाद घेतला आणि तोंड वळवून बसले, पण तिथून उठले नाहीत. संध्याकाळी टॅक्सीत बसताना साहेब सगळ्यांशी हात मिळवत होते. दामाजी हात जोडून म्हणाला, "या साहेब."

"शिष्टाचार?" त्यांनी मला विचारलं.

"शिष्टाचार," मी म्हटलं.

नवं मशीन आलं, निळं, चकचकीत. नव्या गॅसचे फ्रीझर जायला लागले आणि गाळा राहिला. दर दसऱ्याला दामाजी त्याला हळदकुंकू लावतो, माळ घालतो. गुरुजींना मात्र तो दाराच्या आत येऊ देत नाही. "जीव नको ताई," म्हणतो. "लांबूनच बरं."

तिसऱ्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, दारात टॅक्सी थांबली आणि पिवळं हेल्मेट आत आलं. नील्सनसाहेब. ह्या वेळी दुसऱ्या कुठल्याशा देशांच्या गटाकडून. चहा घेता घेता त्यांनी मला सगळं समजावलं. नवा गॅस आभाळाला भोक पाडत नाही हे खरं, पण तो सुटला की पृथ्वी तापवतो, आणि आता देश पुन्हा बसलेत. स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा एक तिसरा गॅस आहे, त्यावर चालणाऱ्या फ्रीझरला वीजही कमी लागते. तुमच्यासारख्या लहान कारखान्यात तो वापरून बघायचा विचार आहे. फक्त मशीन वेगळं लागेल.

मी हे दामाजीला मराठीत सांगितलं. माझा आवाज चढलेलाच होता. ते निळं मशीन नीट पुसूनही होत नाही तोवर हे सुरू.

दामाजी चिडला नाही. त्याने नील्सनसाहेबांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली.

"मंत्र लागू पडला ताई," तो म्हणाला. "त्या दिवशी निम्म्या अक्षता ह्यांच्याच अंगावर पडलेल्या."

साहेबांनी विचारलं, तो काय म्हणतोय. मी सांगितलं. ते हसले नाहीत. निळ्या मशीनपाशी जाऊन त्यांनी वाकून काट्याकडे बघितलं आणि सावधपणे विचारलं, "ह्याच्यात जीव आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "ह्या वेळी नुसतं हळदकुंकू आहे."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. दामाजी तोवर कोपऱ्यात जाऊन घण घेऊन आला होता, परत द्यायचा राहून गेलेला, खोपटच्या गॅरेजचाच. तो त्याने भिंतीला टेकवून ठेवला आणि मला म्हणाला, "साहेबांना सांगा, घाई नाय. आधी जेवाया बसा म्हनावं. आईनं आज कोलंबी दिलीय."